मागचा ब्रेक

चैत्र संपता संपता, पहाटे साडेपाचला,
सेमिनरी हिल्सच्या मागच्या उतारावर
माझ्या डाव्या हाताखालचा ब्रेक
मुकाट्यानं हँडलला टेकला.
तार तुटली नाही, ठिणगी उडाली नाही.
दाबलं, आणि आत कोणी नव्हतं,
गाव सोडून गेलेल्या माणसाच्या दाराची
बेल वाजवावी तसं.

खरं तर आठवडाभर किरकिर ऐकू येत होती.
मी चेनला तेल पाजत होते.

खाली सुटा मुरूम, मुरमात लपलेले काळे धोंडे,
सागाची पानं पापडासारखी चुरत जाणारी,
पुढे वळण, वळणाला लागून काटेरी तार.
उजव्या हाताशी पुढचा ब्रेक शाबूत होता.
त्याच्याशी माझी ओळख नव्हती.

सातवीत असताना, काटोल रोडवर,
दिगांबरमामा कॅरिअर धरून मागे पळत म्हणाला होता,
"पुढचा दाबला का पालथी पडशील, पोरी."
ते एक वाक्य
तीस वर्षं माझी सायकल चालवत होतं.

आधी पाय टेकला. बुटाचा तळ खरवडत गेला.
मग एक बोट, फक्त एक, मामाची माफी मागून.
बूड आपसूक सीटच्या मागे सरकलं,
पुढचा काटा खाली दबला,
मी पालथी पडले नाही.
वळणही मिळालं नाही, ते वेगळं.
रायमुनियाच्या झुडपात शिरले, सायकलसकट,
आणि उठले तेव्हा केसांत फुलं, कोपरावर रक्त,
फिरायला आलेले दोन म्हातारे विचारत होते,
"लागलं का जास्त?"
मी म्हटलं, "नाही, शिकतेय."

गिट्टीखदानला शालिक ढोमणेनं दुकान उघडलं,
चहा यायच्या आत चाकं काढली,
चारही पॅड तळहातावर ओळीनं मांडले,
ज्योतिष्यानं कवड्या मांडाव्या तसे.
"हे पाहा ताई. मागचे साफ संपले,
लोखंडावर लोखंड घासून राह्यलं होतं.
आन् पुढचे? डब्यातून आले तसेच्या तसे.
चार वर्षं काय करून राह्यल्या तुमी?"

काय करत होते?
उतार लागला की मागचा ब्रेक धरून बसत होते,
जत्रेत पोराचा हात धरावा तसा,
घाम सुटला तरी न सोडता.
वळणाच्या आधी धरलेला, वळणात धरलेला,
सपाटीवरसुद्धा, उगाच, थोडासा.

मग शाळेच्या मैदानावर विटकरीनं रेघ ओढली.
टाचा खाली. कोपरं सैल.
दाबायचं नाही, पिळायचं, लिंबू पिळतो तसं,
आधी हलकं, मग रसाचा अंदाज घेत.
दोन्ही हात, पण उजव्यानं जास्त बोलायचं.
पहिल्या दिवशी रेघेच्या पुढे नऊ पावलं.
चौकीदार कावडूजी खुर्चीवरून मोजायचे,
आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं खूश व्हायचे.
तेराव्या दिवशी चाक रेघेवर थांबलं.
"अर्धं आत हाये," ते म्हणाले.

मेच्या शेवटी, ऊन चढायच्या आत,
पुन्हा तोच उतार.
सरळ पट्ट्यावरच वेग काढून घेतला,
वळणाच्या तोंडाशी दोन्ही ब्रेक सोडले.
सोडणं अवघड होतं, अजून आहे.
नजर तारेवर जाऊ दिली नाही,
वाट जिथे वळून संपते तिथे ठेवली,
आणि टायर नजरेमागून गेला, निमूट.
रायमुनियाची एक फांदी गुडघ्याला लागली.
तिनंही ओळखलं असेल.

खाली फुटाळ्याच्या काठावर थांबले
तेव्हा डिस्कमधून करपट वास येत होता,
पुढच्या आणि मागच्या, दोन्हीकडून सारखा.

शालिक म्हणतो, आता पॅड बरोबरीनं झिजतात.
डाव्या हाताची बोटं मात्र
अजूनही कधी कधी रात्री, झोपेत,
उशीचं टोक आवळून धरतात.
सकाळी तिथे चुणी असतात. मी त्या झटकते
आणि हवा भरायला जाते.